घोषणा झाली, पुढे काय? सरकारी कामाचा पाठपुरावा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

योजना जाहीर झाली की पेपरात बातमी येते, चौकात फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर रांग लागते. खिडकीतला लिपिक सांगतो, "आमच्याकडे अजून काही आलेलं नाही." रांगेतली माणसं चिडतात. हा मुद्दाम अडवतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो खरं तेच सांगत असतो. मंत्रिमंडळाची बैठक आणि ती खिडकी यांच्या मधे कागदाचा लांबचा प्रवास असतो, आणि तो कुठवर आलाय हे खिडकीतल्या माणसालाही नेहमी माहीत नसतं.

हा लेख पहिल्यांदाच सरकारी कामाच्या मागे लागणाऱ्यांसाठी आहे. नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, बचत गट चालवणाऱ्या ताई, संस्थेत नुकते रुजू झालेले कार्यकर्ते, किंवा आईच्या पेन्शनसाठी सुट्टी काढून गावी आलेला मुलगा. उदाहरणं सगळी महाराष्ट्र शासनाची आहेत.

"काम का होत नाही?" असं विचारलं की कुणाकडूनच धड उत्तर मिळत नाही. "कागद आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, आणि त्या टेबलाला काय करायचा अधिकार आहे?" याला मात्र उत्तर असतंच. हा प्रश्न नीट विचारता यावा यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी १: घोषणा कागदावर उतरली आहे का ते बघा

मंत्र्यांचं भाषण, बैठकीनंतरचं प्रसिद्धिपत्रक किंवा अर्थसंकल्पातलं एखादं वाक्य, यांपैकी कशाच्याही आधारावर तहसीलदार एक रुपया देऊ शकत नाही. त्याला शासन निर्णय लागतो, म्हणजे जीआर. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. म्हणून जीआरच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ असते आणि तिच्याखाली सही असते ती मंत्रालयातल्या उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. मंत्र्यांची सही तुम्हाला तिथे दिसणार नाही. ती फाइलमध्ये असते.

जीआर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधता येतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत हातात आली तर शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक बघा. आकड्यांची ती लांबलचक ओळ वर्ष, महिना, दिवस अशी सुरू होते. तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून तोच कागद उघडला तर जीआर खरा. गावात सांगण्याआधी एवढं एक काम नक्की करा, कारण खोट्या जीआरवर विश्वास ठेवून लोक मजुरी बुडवून तालुक्याला जातात.

सगळेच कागद जीआर नसतात. परिपत्रक आधीच्या निर्णयाची आठवण करून देतं किंवा तो कसा अमलात आणायचा ते सांगतं. शुद्धिपत्रक चूक दुरुस्त करतं, पूरकपत्र भर घालतं. अधिसूचना एखाद्या कायद्याखाली निघते आणि राजपत्रात छापली जाते. या सगळ्यांच्या वर कायदा आणि त्याखालचे नियम. जीआर कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, आणि गेलाच तर कायदा मोठा.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या: "तत्त्वतः मान्यता". म्हणजे सरकारला कल्पना पटली आहे, पण पैसे, पदं, आराखडा अजून ठरायचं आहे. तसंच "निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून". हे शब्द असतील तर गावात "मंजूर झालं" असं सांगू नका. "पहिला टप्पा झाला" असं सांगा.

पायरी २: जीआर शेवटाकडून वाचा

नवखा माणूस जीआर वरून वाचायला घेतो, प्रस्तावनेतच थकतो आणि फोन खिशात टाकतो. प्रस्तावनेत योजना का आणली ते असतं. ते महत्त्वाचं आहे, पण पहिल्या वाचनात तुम्हाला त्याची गरज नाही.

आधी शेवटची यादी वाचा. "प्रत" या शब्दाखाली पंधरा-वीस पदांची नावं असतात: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, महालेखापाल, जिल्हा कोषागार अधिकारी, आणि अगदी शेवटी "निवड नस्ती", म्हणजे कार्यालयातच जपून ठेवायची प्रत. ही यादी म्हणजे अंमलबजावणीचा नकाशाच. ज्या पदाला प्रत गेली आहे त्याला "मला माहीत नाही" म्हणायला जागा उरत नाही. तुमच्या तालुक्यातल्या कार्यालयाचं नाव यादीत नसेल, तर त्यांच्यापर्यंत हा कागद जिल्ह्याच्या पत्राने येणार. म्हणजे आधी जिल्ह्यात विचारायला हवं की ते पत्र निघालं का.

मग थोडं वर या. "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये प्राप्त सहमतीने" असं वाक्य सापडतंय का बघा. सापडलं तर वित्त विभागाने होकार दिला आहे. त्याच्या आसपास मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष असतं: खर्च कोणत्या खात्यातून पडणार त्याचा पत्ता. नियंत्रण अधिकारी आणि आहरण व संवितरण अधिकारी ही दोन पदंही तिथेच सापडतात. पैसे काढायची सही आहरण व संवितरण अधिकाऱ्याची असते. हे पद वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता मधला भाग: पात्रता, कागदपत्रं, अर्ज कुठे करायचा, मंजुरी कोण देणार, किती दिवसांत. शब्द नेमके वाचा. "कुटुंब" म्हणजे कोण, "उत्पन्न" कोणत्या दाखल्यावर, "रहिवासी" किती वर्षांचा. लाभार्थ्याचं घोडं अडतं ते याच व्याख्यांवर.

सगळ्यात शेवटी वरचा भाग. "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या कागदांची यादी असते, ती योजनेची वंशावळ. आणि क्रमांक. समजा तो "संकीर्ण-२०२४/प्र.क्र.४५/का-७" असा आहे. प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटचा तुकडा म्हणजे कार्यासन, मंत्रालयातलं ते नेमकं टेबल जिथे ही फाइल जन्मली. पुढे कधी पत्र लिहायचं झालं तर हा पूर्ण क्रमांक आणि तारीख पहिल्या ओळीत टाका. क्रमांक नसलेलं निवेदन कोणत्या टेबलाचं हे ठरवण्यातच किती दिवस जातात, हे टपाल शाखेत उभं राहिल्यावर कळतं.

पायरी ३: फाइल कशी चालते ते समजून घ्या

सरकारात विचार खालून वर जातो आणि आदेश वरून खाली येतो. टिप्पणी, म्हणजे प्रकरणाची लेखी मांडणी, सुरू होते सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर. ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, कुठे सहसचिव, मग सचिव किंवा प्रधान सचिव, काही विभागांत अपर मुख्य सचिव अशी चढते आणि मंत्र्यांकडे पोचते. वाटेत पैशाचा विषय असेल तर वित्त विभाग, कायद्याचा असेल तर विधी व न्याय, नवी पदं किंवा सेवाशर्ती असतील तर सामान्य प्रशासन. प्रत्येक ठिकाणी अभिप्राय लिहिले जातात. मोठं धोरण असेल तर मंत्रिमंडळापुढे. मान्यता मिळाली की फाइल त्याच वाटेने खाली येते आणि मग जीआरचा मसुदा तयार होतो. आता बरंचसं काम ई-ऑफिसवर होतं, फाइल हातात घेऊन शिपाई फिरत नाही, पण टेबलांचा क्रम तोच.

यातून नवख्यांनी घ्यायची गोष्ट अशी की पहिली टिप्पणी लिहिणारा माणूस फार महत्त्वाचा असतो. वरचे अधिकारी ती टिप्पणी वाचून निर्णय घेतात. तुमच्या गावची अडचण त्या टिप्पणीत आली नाही तर ती वर पोचलीच नाही. मंत्र्यांच्या दारात तासन्‌तास उभं राहणारे लोक कार्यासनाकडे एक व्यवस्थित, पुराव्यासह लिहिलेलं दोन पानी निवेदन द्यायला विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आता शेरे. निवेदनाच्या कोपऱ्यावर मंत्री किंवा वरिष्ठ अधिकारी दोन ओळी लिहितात आणि माणूस आनंदाने घरी येतो. त्या ओळींचा अर्थ नीट लावता आला पाहिजे.

"तपासून सादर करावे" म्हणजे निर्णय झालेला नाही. खालच्यांनी प्रकरण बघून पुन्हा वर पाठवायचं आहे. "नियमानुसार आवश्यक ती कार्यवाही करावी" म्हणजे तुमच्या बाजूने काहीही सांगितलेलं नाही, नियमात बसलं तर होईल. "स्वयंस्पष्ट प्रस्ताव सादर करावा" याचा अर्थ आलेला प्रस्ताव अपुरा आहे, पूर्ण माहितीसह परत पाठवा. हा शेरा आला तर नेमकं काय कमी आहे ते लगेच विचारा, कारण प्रस्ताव पुन्हा तयार करणं हे जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं काम असतं आणि तिथे तो सहज महिनाभर पडून राहतो. "अभिप्रायासह सादर" म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचं मत मागवलं आहे. आता ते मत कोण लिहिणार, तिकडे जा. "चर्चा करावी" म्हणजे अधिकाऱ्याला शंका आहे. "माहितीस्तव" म्हणजे यावर काही करायचं नाही. "नस्तीबद्ध करावे" म्हणजे प्रकरण बंद.

"मान्य" हा एकच शब्द मान्यतेचा असतो, आणि तोही ज्याला अधिकार आहे त्याने लिहिला तरच.

पायरी ४: पैसा कुठे आहे ते शोधा

जीआर निघाला म्हणजे पैसे आले असं नाही. राज्याचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडला जातो. मधेच नवी योजना आली तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांमधून तरतूद होते. तरतूद झाली तरी वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने सोडतो. विभागाला मिळालेली रक्कम 'बीम्स' या संगणकीय प्रणालीवरून नियंत्रण अधिकाऱ्याकडे, तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे जाते. तो देयक तयार करतो, कोषागार ते तपासतं आणि मग पैसे सुटतात. "ग्रँट आली नाही" असं लिपिक म्हणतो तेव्हा त्याला या प्रणालीवर रक्कम दिसत नसते.

म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा. तरतूद झाली का? निधी वितरित झाला का? देयक कोषागारात सादर झालं का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि तिन्ही लेखी मिळू शकतात.

गावातला रस्ता, शाळेची खोली, स्मशानभूमीची शेड अशा कामांची साखळी वेगळी आहे. आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचं आणि त्यावर इतका खर्च करायचा याला होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याने आराखडा आणि दर बरोबर असल्याचं सांगणं. जिल्ह्यातल्या अशा अनेक कामांना पैसे जिल्हा वार्षिक योजनेतून मिळतात. जिल्हा नियोजन समिती ती मंजूर करते, पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. नव्या सरपंचांना माझं कळकळीचं सांगणं: फेब्रुवारी-मार्चमध्ये धावाधाव करू नका. तोवर आधी मान्यता घेतलेल्यांची कामं पुढे गेलेली असतात. पावसाळ्यातच ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि अंदाजपत्रक तयार ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात, तेही धरून चाला.

पैशाची सोय आधी करून मग धोरण आखलं तर काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. त्याआधीपासून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ग्रामीण माणसाला कामाची हमी द्यावी म्हणून धडपडत होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्याचा छोटा प्रयोग झाला होता. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्या खर्चासाठी व्यवसाय कर आधीच लावला गेला होता. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा तो कर गावातल्या मजुराच्या हमीसाठी आला, हे आज पगाराची स्लिप बघताना फार थोड्यांना ठाऊक असतं. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. एखादी नवी योजना टिकेल की नाही याचा अंदाज घ्यायचा असेल तर मी आधी हेच बघतो: तिच्यासाठी पैशाचा स्वतंत्र स्रोत आहे की दरवर्षी हात पसरायचा आहे.

पायरी ५: तुमचं काम कोणत्या साखळीत आहे ते ओळखा

गावात सरकार तीन वाटांनी येतं, आणि चुकीच्या वाटेवर गेलात तर सगळे नम्रपणे "ते आमच्याकडे नाही" असं सांगत राहतात.

महसुलाची वाट: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी), तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. जमीन, दाखले, नैसर्गिक आपत्तीची मदत, रेशन, निराधारांची पेन्शन इकडे. विकासाची वाट: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, ग्रामसेवक (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी). पाणी, गावचे रस्ते, शाळा, अंगणवाडी, घरकुल इकडे. तिसरी वाट खात्यांची स्वतःची, जशी कृषी विभागाची: जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी, कृषी सहायक (पदनाम आता सहायक कृषी अधिकारी).

गोंधळ तेव्हा होतो जेव्हा धोरण एका विभागाचं आणि हात दुसऱ्याचे असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. १९८० पासून चालू असलेली ही योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची. पैसे त्या विभागाच्या तरतुदीतून येतात. अर्ज मात्र तहसील कार्यालयात, चौकशी तलाठ्याकडून, मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत, आणि तहसीलदार त्या समितीचे सदस्य सचिव. एखाद्या विधवा बाईचा अर्ज अडला असेल तर तो चौकशी अहवालापाशी अडलाय, बैठक न झाल्यामुळे अडलाय, की मंजूर होऊनही निधीअभावी थांबलाय, या तीन गोष्टींचे तीन वेगळे उपाय आहेत. पहिल्यासाठी तलाठी, दुसऱ्यासाठी तहसीलदार, तिसऱ्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय आणि तिथून मंत्रालय. आणि पैसे खात्यात येत नसतील तर चौथी शक्यता: डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम ज्या बँक खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जाते. दोन खाती असलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पैसे दुसऱ्याच बँकेत जमा होत राहिलेले असतात आणि घरचे सरकारला दोष देत बसतात. आधी बँकेत तपासा. दरवर्षी हयातीचा दाखला दिला का, तेही बघा.

या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. महिन्याला पावणेदोन हजार. इतक्या कमी उत्पन्नाचा दाखला देताना तलाठ्याचा हात अडखळतो, आणि खरी गरजू बाई त्या आकड्यापाशी थांबते. हा दोष खिडकीतल्या माणसाचा नाही, धोरणाचा आहे, आणि तो दुरुस्त व्हायचा तर तालुक्यात भांडून होणार नाही. आमदारांमार्फत विधिमंडळात प्रश्न जायला हवा, विभागाकडे आकडेवारीसह निवेदन जायला हवं. अंमलबजावणीची अडचण खाली सुटते, नियमाची अडचण वर. ही फोड करता आली की निम्मा पाठपुरावा जमला.

दुसरं उदाहरण सातबाऱ्याचं, कारण अधिकाराची वाटणी त्यात स्वच्छ दिसते. वडील गेले, वारसांची नावं लावायची आहेत. वर्दी, म्हणजे वारसांची लेखी सूचना, दिली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तलाठी नोंद लिहू शकतो, मंजूर करू शकत नाही. तरी लोक महिनोन्‌महिने तलाठ्याकडेच चकरा मारतात. नोंद धरली गेली असेल आणि नोटिशीची मुदत संपली असेल, तर मंडळ अधिकाऱ्याकडे जा. नोंद रद्द झाली तर रागावून तलाठ्याला बोलण्यात अर्थ नाही, प्रांतांकडे अपील करा.

खालच्या कर्मचाऱ्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एका तलाठ्याकडे अनेक गावं असतात, शेजारच्या रिकाम्या सज्जाचा (तलाठ्याच्या हद्दीचा) अतिरिक्त कार्यभार असतो, त्यात गारपिटीचे पंचनामे, निवडणुकीची कामं, पीक पाहणी. राज्यातली प्रत्येक नवी योजना शेवटी याच चार-पाच माणसांच्या अंगावर येते: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, अंगणवाडी सेविका, आशा. कोणतंही धोरण यांच्या दिवसात मावतं की नाही हे वर बसून कुणी मोजत नाही, आणि मला वाटतं आपल्या प्रशासनाचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू नका. कागद पूर्ण करून द्या, झेरॉक्स जोडून द्या, कोणत्या दिवशी कार्यालयात असतात ते विचारून जा. मात्र पैसे मागितले तर देऊ नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर तक्रार करा.

पायरी ६: अर्ज लेखी द्या, पोच घ्या

तोंडी विचारणा सरकारी दृष्टीने झालेलीच नसते. अर्ज आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब आले की देतो" म्हणून कुणी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला तर नम्रपणे सांगा, "आवक करून द्या." तरीही घेत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

रोजगार हमीच्या रचनेचा कणाही पोचच होता. मजुराने काम मागितलं की १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. हे १५ दिवस मोजायचे कधीपासून? मागणीच्या लेखी नोंदीपासून. महाराष्ट्रात मजूर संघटनांनी बायाबापड्यांना काम मागणीचा नमुना ४ भरायला आणि नमुना ५ ची पोच मागायला शिकवलं ते यासाठीच. पोच नसेल तर हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही.

ऑनलाइन अर्जातही क्रम पाळा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शेती अवजाराचं अनुदान घ्यायचं असेल तर निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही, अवजार खरं असलं आणि शेतात उभं असलं तरी. दुकानदार "आधी घेऊन जा, मागून बघू" म्हणतो. ऐकू नका.

पायरी ७: मुदत संपली की कायद्याचं नाव घेऊन विचारा

कोणता कायदा कधी वापरायचा यात नवखे चुकतात आणि सगळ्याला माहितीचा अधिकार लावतात.

दाखला, नोंद, परवाना अशी ठरलेली सेवा हवी असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवांची यादी, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावलेले असायला हवेत. 'आपले सरकार' संकेतस्थळावरही सापडतात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. दुसरं अपील त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावं लागतं, हे या कायद्याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं अंग. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

सेवा ठरलेली नसून फाइल नुसती पडून असेल, तर २००५ चा बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत आणि तशी गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. हा कायदा लोकांना फारसा माहीत नाही. स्मरणपत्रात फक्त एवढं लिहा: "माझा अर्ज आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक. अधिनियमाच्या कलम १० नुसार विहित मुदत संपली आहे. सद्यःस्थिती लेखी कळवावी." शिवीगाळ नाही, धमकी नाही, तीन ओळी. अशा पत्राचं उत्तर टाळणं अधिकाऱ्याला जड जातं, कारण ते पत्रही आता फाइलचा भाग झालेलं असतं.

आणि फाइलमध्ये काय चाललंय तेच कळत नसेल तर माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडला तर शुल्क नाही. "का" असं विचारू नका, या कायद्यात कारणं मागता येत नाहीत, असलेले कागद मागता येतात. असं लिहा: "माझ्या दिनांक तमुकच्या अर्जावर लिहिलेल्या टिप्पणीची प्रत, त्यावरील सर्व पत्रव्यवहाराची प्रत, आवक नोंदवहीतील नोंदीची प्रत, आणि आज प्रकरण ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचे पदनाम." बहुतेक वेळा अर्ज पोचल्यावर फाइल हलते, कारण टिप्पणीची प्रत द्यायची तर टिप्पणी लिहिलेली असावी लागते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, शुल्क २० रुपये. नंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, पण तिथे प्रकरणांची गर्दी आहे, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा आणि तिथेच प्रश्न मिटवायचा प्रयत्न करा.

यांच्या जोडीला लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एका सभागृहात बसतात. दोन खात्यांच्या मधे अडकलेल्या कामासाठी ही जागा उत्तम, कारण "ते त्यांच्याकडे" असं म्हणायची सोय तिथे उरत नाही. अर्ज आधी, विहित नमुन्यात आणि वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारीसाठीच द्यावा लागतो, आणि न्यायालयात असलेली प्रकरणं तिथे घेतली जात नाहीत.

जाताना जवळ एक साधी वही असू द्या. डाव्या पानावर तारीख, कार्यालय, आवक क्रमांक आणि भेटलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम. उजव्या पानावर ते काय म्हणाले आणि पुढे कागद कुठे जाणार. माणसांची बदली होते, नवा अधिकारी येतो आणि "मला बघावं लागेल" म्हणतो. तेव्हा वही उघडून आधीचा आवक क्रमांक सांगा. त्याला आवक नोंदवहीत शोधायला तेवढा पुरतो.